राखेच्या पाण्यातला लाल पंजा

"लिही," हे म्हणाले.

मी वही उघडली. पहिल्या पानावर मी आधीच 'श्री' काढून ठेवला होता, त्याखाली लिहायला लागले.

"सावळाराम दगडोबा नलगे. वय बेचाळीस. हुद्दा, मालगाडीचा गार्ड, दौंड जंक्शन. हा झाला जगाला दाखवायचा हुद्दा. खरा हुद्दा, गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, नाक..." इथे हे अडले. नाकासाठी बरा प्राणी सापडेना. "नाक सरळ, असं लिही."

मी लिहिलं.

"उजव्या हाताच्या करंगळीला वरचं पेर नाही. मनमाड मार्गावर एका सराईत डाकूशी झालेल्या झटापटीत ते कामी आलं."

मी लिहिलं. ब्रेकव्हॅनच्या दाराला डाकू म्हणतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं, पण लिहिलं.

"आजपर्यंत अकरा प्रकरणांचा छडा लावला."

हेही लिहिलं. त्या अकरांतल्या नऊ वस्तू ज्याच्या त्याच्या घरीच सापडल्या, दहावी मांजरानं परत आणून टाकली, आणि अकरावी अजून हरवलेलीच आहे. पण मी काही बोलले नाही. कारण माझा नेम होता.

नेमाचं सांगते. चातुर्मासात आमच्या रेल्वे कॉलनीतल्या बायका काही ना काही सोडतात. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा, शेजारच्या झुंबरबाईंनी चहा सोडून कॉफी धरली होती. माझं वांगं, कांदा, लसूण सगळं सुटून पाच वर्षं झाली होती. सोडायला काही उरेना. मग त्र्याहत्तर सालच्या आषाढी एकादशीला महादेवाच्या देवळात मी हात जोडले आणि म्हणाले, चार महिने ह्यांना उलट बोलणार नाही, 'नाही' हा शब्द ह्यांच्यासमोर तोंडातून काढणार नाही.

धुण्याला येणाऱ्या भागुबाईनं ऐकलं तेव्हा तिच्या हातातलं धोपटणं खाली आलंच नाही. "वैनी," ती म्हणाली, "आवो मीठ सोडायचं, साखर सोडायची. ह्ये काय जिवावरचं घेऊन बसला?"

"होईल गं. चारच महिने."

"गार्डसायबांसंगं चार म्हैने? तुमचा देवसुदिक असल्या नेमाला न्हाई म्हनला असता."

त्या वर्षी आणखी एक गोष्ट सगळ्यांनीच सोडली होती, पण ती नेम म्हणून नव्हे. साबण. दुष्काळ सरला होता, नळाला पाणी आलं होतं, आणि आता कपडे धुवायला साबण नव्हता. दुकानात गेलं की वाणी मान हलवायचा. धुण्याची पावडर तर दिसेनाशीच झाली होती. मग जुन्या बायकांनी जुनं काढलं. रंगीत लुगड्यांना रिठे फोडून भिजत घालायचे आणि कुस्करून फेस करायचा. लोकरीचं असलं तर शिकेकाई. पांढऱ्याला मात्र रिठा चालत नाही, पिवळसर झाक येते. पांढऱ्याला राख. भागुबाईच्या माहेरी न्हावऱ्याला गुऱ्हाळ होतं, तिथली चिपाडाची राख ती पोत्यानं आणायची. ती डब्यात भिजवायची, खाली बसली की वरचं निवळ पाणी घ्यायचं. त्यात ह्यांचा पांढरा ड्रिलचा कोट असा निघायचा की बगळ्यानं बघत राहावं.

मंगळवारी सकाळी भागुबाईनं तो कोट राखेच्या पाण्यात बुडवला आणि ओरडली, "वैनी, ह्ये बघा आक्रीत!"

कोटाच्या उजव्या बाजूला, खिशाच्या खाली, लाल पंजा उमटला होता. स्पष्ट. बोटं खाली, तळवा वर. कुंकवासारखा लाल.

मी बघितलं, आणि मला कळलं. चुलीशी ज्या बाईचा जन्म गेलाय तिला हे कळायला भिंग लागत नाही. पण मी काही म्हणायच्या आत हे आतून आले, भिंग घेऊनच आले, आणि त्यांनी कोट अलगद उचलून दोरीवर टाकला.

"रक्त," हे म्हणाले.

भागुबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी भागुबाईकडं पाहिलं.

"आवो सायेब, ह्ये तर..."

"कुणी काही बोलायचं नाही! पुरावा बोलेल." ह्यांनी भिंग लावलं. "काल, सोमवार. मालगाडी, दौंड ते मनमाड. काष्टीला लूप लाईनला दीड तास थांबलो. गाडीत खून झालाय. मरता मरता त्या अभागी जिवानं माझ्या कोटाला हात घातला. हो की नाही?"

तुम्हाला मरणाऱ्या माणसानं धरलं आणि तुम्हाला पत्ता लागला नाही का, हे माझ्या ओठावर आलं होतं.

"हो," मी म्हणाले.

"बघा! असिस्टंटलाही पटलं."

ह्यांनी वहीतलं पान फाडलं, पंजावर ठेवलं आणि पेन्सिलीनं जसाच्या तसा उतरवून घेतला. उतरवता उतरवता थबकले. "अरे! करंगळी आखूड आहे! वरचं पेरच नाही." हे उभे राहिले. डोळे चमकले. "म्हणजे हा मरणाऱ्याचा नव्हे, मारणाऱ्याचा हात! साडेचार बोटांचा माणूस! असा माणूस ह्या दौंडात कितीसा असेल?"

भागुबाईनं पदर तोंडात कोंबला आणि ती मोरीत पळाली. मी डोळे मिटून शंकराचं नाव घेतलं.

त्या दिवशी ह्यांना सुट्टी होती, हे कॉलनीचं दुर्दैव. दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रयोगशाळा मांडली गेली. वाट्यांत रिठ्याचं पाणी, शिकेकाईचं, राखेचं, धुण्याच्या सोड्याचं. प्रत्येक वाटीवर चिठ्ठी, 'संशयित एक', 'संशयित दोन'. "तपासात जीभ हे सर्वात जुनं यंत्र आहे," असं म्हणून ह्यांनी संशयित एकचा घोट घेतला. पुढचा अर्धा तास हे बोलले की तोंडातून बुडबुडे यायचे. झुंबरबाई वाटीभर साखर मागायला आल्या होत्या, त्या बघून साखर न घेताच गेल्या, आणि सावळारामभाऊंना फेफरं आलं अशी बातमी संध्याकाळपर्यंत स्टेशनात पोचली.

मग ह्यांनी हात मोजायचे ठरवले. पण उगाच हात कोण दाखवतं? तेव्हा हे ज्योतिषी झाले. अंगणात खुर्ची टाकून भिंग घेऊन बसले, 'मोफत हात पाहणार'. कॉलनीच लोटली. उजव्या हातात भिंग धरायचे, डाव्या हातानं समोरच्याचा पंजा कागदाशी जुळवायचे, आणि करंगळी पुरी निघाली की निराशेनं काहीतरी भविष्य सांगायचे. झुंबरबाईंना परदेशगमन सांगितलं. त्या दुसऱ्या दिवशी बारामतीला बहिणीकडं जाऊन आल्या आणि भविष्य खरं झालं म्हणून नारळ घेऊन आल्या. छप्पन्न हात तपासले. सगळ्यांच्या करंगळ्या शाबूत.

मी त्या वेळी तुळशीपाशी वाती वळत बसले होते, पण वाती नीट होईनात. लाल पंजा कशाचा हे मला माहीत होतं. पण आला कुठून, हा विचार काही सुटेना. सोमवार होता ना. श्रावणी सोमवार. ह्या वर्षी ह्यांनी स्वतः, अख्ख्या कॉलनीसमोर, देवळाच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं होतं की मी चारही सोमवार कडक उपास करणार, ड्यूटीवरसुद्धा. आणि घरी तर सोमवारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. उपासाच्या जेवणात हळद नसते.

माणसाचं हसं व्हायला नको, असं वाटलं मला. बुधवारी सकाळी हे यार्डात गेले, तेव्हा मी कोट उतरवला, डागावर लिंबू चोळलं, आणि उन्हात टाकला. डाग आधी पिवळा झाला, मग फिकट झाला, मग कुणी सांगितल्याशिवाय दिसेना. मनात म्हटलं, मिटलं प्रकरण.

माझं चुकलं ते इथे.

बुधवारी दुपारी भागुबाईचा नवरा कोंडिबा आला. मोठा सरळ माणूस. बोलताना टोपी काढून हातात धरायचा. बारा वर्षं लोको शेडात रोजंदारीनं कोळसा ओढला, आणि आता त्याचं नाव शेडातल्या खलाशाच्या, म्हणजे मदतनिसाच्या, कायम जागेसाठी लागलं होतं. एकच राहिलं होतं. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत चालचलणुकीचा दाखला आणून द्यायचा, त्यावर रेल्वेतल्या जुन्या माणसाची सही हवी. ह्यांनी कधीचंच कबूल केलं होतं.

"सायेब न्हाईत व्हय?" तो दारातूनच म्हणाला. "ह्यो कागद ठिवतो. सवडीनं करूद्यात सही. घाई न्हाई, पर शुक्रवारच्या आत."

त्यानं कागद माझ्या हातात दिला. गुऱ्हाळाच्या चरकात गेलेलं त्याचं बोट मी कितीदा तरी बघितलं होतं, पण त्या वेळी बघितलं आणि ह्यांचा साडेचार बोटांचा माणूस आठवला.

हे घरी आले. कोट पाहिला. पंजा नव्हता.

"पुरावा नष्ट!" हे एवढ्या मोठ्यानं ओरडले की तुळशीवरची चिमणी उडाली. "माझ्या घरात येऊन! भर दिवसा! आज घरी कोण आलं होतं?"

नेम सांभाळायचा आणि खोटंही बोलायचं नाही, अशी बाई त्या वेळी काय करते ते मला विचारू नका. "कोंडिबा," मी म्हणाले.

ह्यांनी हळूच भिंग खाली ठेवलं. "कोंडिबा. ज्याच्या हाताचं एक बोट अर्धं आहे. ज्याची बायको माझे कपडे धुते. अगं, सगळं समोर होतं!" ह्यांनी दाखला उचलला आणि खिशात घातला. "ह्याच्यावर सही? खुन्याच्या चालचलणुकीवर? शुक्रवारी सकाळी मी स्वतः शेडच्या साहेबांना रिपोर्ट देतो."

बुधवारी संध्याकाळी मी दिवा लावला आणि पोथी काढली, पण अक्षरं फिरायला लागली. बारा वर्षं कोळसा ओढणाऱ्या माणसाची नोकरी, आणि ती जाणार ह्यांच्या हट्टापायी नव्हे, माझ्या लिंबापायी. मी तो डाग राहू दिला असता तर कोंडिबाचं नाव कशात आलं नसतं. मी शंकराला म्हटलं, तू बघतोयस. शंकर बघत होता, पण बोलला नाही. त्याचाही काही नेम असावा.

गुरुवारी सकाळी भागुबाई आली ती धुण्याला नव्हे. कंबरेला पदर खोचून अंगणात आली, मागे कोंडिबा टोपी हातात घेऊन.

"गार्डसायेब," ती म्हणाली, "माझा नवरा खुनी हाय म्हनं. खून कुनाचा केला तेवढं सांगा, म्हंजी मी सुतक तरी धरते."

"तपास गुप्त आहे," हे म्हणाले.

"गुप्त? समदी कॉलनी नळावर बोलतीया."

कोंडिबा म्हणाला, "सायेब, माजं काय चुकलं आसंल तर..."

"कोंडिबा, तुझा हात पुढं कर."

त्यानं केला. डावा हात. अंगठ्याजवळचं बोट अर्धं. ह्यांनी कागद जुळवून पाहिला. जुळेना. उलटा धरला. जुळेना. मग कागद आरपार उजेडात धरून मागून लावून पाहिला.

"हं," हे म्हणाले. "गुन्हेगार हुशार आहे. त्यानं बोट बदललं."

"बोट बदललं?" कोंडिबा स्वतःच्या हाताकडं बघायला लागला.

"त्यानं बदललं असणारच! कोंडिबाच आहे हा. हो की नाही गं?"

मी उठून उभी राहिले. हातातली जपमाळ तुळशीपाशी ठेवली. देवाला म्हटलं, हा एक शब्द तुझ्या हिशेबात घे, पुढचे तीन महिने दुप्पट जप करीन.

"नाही," मी म्हणाले.

 भागुबाईच्या तोंडाचा आ झाला. ह्यांनी भिंग डोळ्याला लावून माझ्याकडं पाहिलं, जणू मी दुसरीच कुणी असेन.

"काय म्हणालीस?"

"नाही. कोंडिबा नाही. डाग मी काढला. लिंबानं."

"तू? पुराव्याला लिंबू?"

"व्हा बाजूला वैनी," भागुबाई म्हणाली, "तुमचा येक झाला तेवढा बास. आता म्या बोलते, मला नेम न्हाई."

ती माझ्या स्वयंपाकघरात गेली, हळदीचा डबा घेऊन आली. फडक्याचा तुकडा फाडला, त्याला हळदीचं बोट पुसलं. पिवळं. ते फडकं राखेच्या पाण्यात बुडवलं. बाहेर काढलं. कुंकवासारखं लाल.

हे दोन पावलं मागे सरले. "रक्त!"

"हळद!" भागुबाई म्हणाली. "हळद आन् खार येक झाला की लाल. आमी कुंकू घरीच करतो, सायेब. धा वर्सांची पोर सांगंल." मग तिनं त्यावर लिंबू पिळलं. पुन्हा पिवळं. पुन्हा राखेत, पुन्हा लाल. "साबन आसता तरी ह्येच झालं आसतं. खून न्हाई, बिन न्हाई. कुनीतरी कालवनाचं हात कोटाला पुसल्यात."

ह्यांनी ते फडकं उचलून भिंगाखाली धरलं. मग हळूहळू मान ताठ झाली. मला वाटलं आता संपलं. पण नाही.

"म्हणजे," हे म्हणाले, "गुन्हेगार जेवला होता! सोमवारी! माझ्या जवळ बसून! आणि जेवून माझ्या कोटाला हात पुसून गेला! कोण हा निर्लज्ज, साडेचार बोटांचा..."

"सायेब," भागुबाई म्हणाली, "त्यो कागद जरा हितं ठिवा पाटावर. हां. आन् तुमच्या हातातलं भिंग द्या हिकडं."

हे बिचारे सवयीनं भिंग सोडायला तयार होईनात. तिनं ते काढूनच घेतलं. तीन दिवस तो उजवा हात भिंगाच्या दांड्याला होता. सगळ्या कॉलनीचे हात भिंगाखाली आले, भिंग धरणारा एवढा एकच राहून गेला होता.

"आता ठिवा हात."

ह्यांनी ठेवला. रेघ आणि बोट, रेघ आणि बोट. करंगळीपाशी रेघ जिथं थांबली होती, तिथंच करंगळी थांबली.

 कोंडिबानं नजर दुसरीकडं वळवली, माणूस भला म्हणून. झुंबरबाईंचं डोकं भिंतीवरून वर आलं आणि तसंच राहिलं.

शेवटी हे खूप खालच्या आवाजात म्हणाले, "काष्टीला गाडी दीड तास उभी होती. पॉइंट्समनच्या घरून वास आला. पिठलं होतं. बाई म्हणाली, दोन घास खा, भाऊ. पिठल्याला नाही कसं म्हणायचं?" मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "पाणी नव्हतं जवळ. रुमाल घरी विसरला होता."

 पिठलं मलाही आवडतं. आणि देवासमोर एकदा तोंड उघडून झालं होतं, आता तिथंच पुन्हा उघडायची हिंमत नव्हती. मी आत जाऊन दौत आणि टाक आणला आणि पाटावर ठेवला.

ह्यांनी खिशातून दाखला काढला. त्याची घडी झाली होती, ती तळहातानं सरळ केली. 'कोंडिबा यांना मी बारा वर्षे ओळखतो. चालचलणूक उत्तम,' एवढं आधीच लिहिलेलं होतं. त्याच्याखाली ह्यांनी स्वतःच्या हातानं आणखी एक ओळ लिहिली: 'आमच्यापेक्षा उत्तम.' आणि सही केली.

कोंडिबा कागद घेऊन दाराबाहेर पडला तेव्हा टोपी डोक्यावर घालायचं विसरला होता. शुक्रवारी सकाळी दहा वाजताच तो शेडात पोचला. पुढच्या महिन्यात खलाशाची निळी वर्दी अंगावर घालून पेढे द्यायला आला. ती वर्दी भागुबाईनं कशात धुतली होती ते मी विचारलं. रिठ्यात, म्हणाली, निळ्याला राख लावली तर रंग जातो.

त्याच गुरुवारी संध्याकाळी ह्यांनी मला वही उघडायला सांगितली.

"लिही. प्रकरण बारावं, लाल पंजा. गुन्हेगाराचा शोध लागला. अत्यंत चतुर, देखणा, नाक सरळ. प्रथमच गुन्हा असल्यानं त्याला समज देऊन सोडण्यात आलं. शोध लावणाऱ्याचं नाव..." हे थांबले. अंगणात भागुबाई रिठे फोडत होती, त्या बाजूला पाहिलं. "लिही. भागुबाई."

मी लिहिलं. खाली एक स्वस्तिक काढलं.

पुढचा सोमवार आला. हे ड्यूटीवरून घरी आले, हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला, आणि उपासानं कसं अगदी गळून गेल्यासारखं वाटतंय ते मला सांगितलं. कोटाच्या बाजू मी पाहिल्या. दोन्ही स्वच्छ. मन भरून आलं.

मंगळवारी ह्यांच्या खिशातला रुमाल मी राखेच्या पाण्यात टाकला. लाल झाला.

"ह्या वेळी रुमाल न्यायला विसरलो नाही बरं का," हे आतून म्हणाले. "गुप्तहेर एक चूक दोनदा करत नाही. हो की नाही?"

"हो," मी म्हणाले, आणि लिंबू चिरायला घेतलं.